आधी पालक, मग उमेदवार

पेन्सिल केसातच राहिली होती. काचेवर खूण करायची, मेणाची, पिवळी, मागचं टोक चावून चपटं झालेलं – सकाळी अंबाड्यात खुपसली ती खुपसलीच, आणि तशीच डोक्यात घेऊन ती बसमध्ये चढली, दोन जिने चढली, रखवालदारासमोर सही करून आली, आणि आता बाकावर बसून डोकं मागं भिंतीला टेकवलं तेव्हा टोचली. तिनं ती उपसून हातात धरली. बोटांना लगेच बरं वाटलं. कॉलेजच्या या लांबलचक बोळात सगळ्या पोरांच्या मांडीवर एकसारख्या फायली आणि सगळ्या बापांच्या हातात एकसारखे फोन. तिच्या ओळखीची वस्तू एवढी एकच.

“अगं, काय हे,” आई म्हणाली. “दे इकडे. नाहीतर आत जाऊन कानावर लावशील.”

“लावली तर काय होतंय?”

“वकिलाच्या कानावर पेन्सिल बघितलीस कधी?”

“वकील होऊ तर दे आधी. मग कानावर काय ठेवायचं ते बघू.”

आईनं पेन्सिल पिशवीत टाकली, चेन ओढली आणि वर हात ठेवून बसली, पेन्सिल पळून जाणार असल्यासारखी. आईचा ठेवणीतला निळा ड्रेस. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या शर्टांच्या कॉलरी तपासून तपासून आईला स्वतःच्या कॉलरला हात लावायची सवय लागलेली – आत्ताही लावत होती, दर दोन मिनिटांनी. ते बघून तिला राग आला. कसला ते नाही सांगता यायचं. सकाळपासून येतच होता. समोरचा एक बाप आपल्या पोरीला हळू आवाजात प्रश्न विचारत होता आणि पोरगी डोळे मिटून उत्तरं म्हणत होती, पाढे म्हणावेत तशी, आणि प्रत्येक उत्तरानंतर बाप म्हणायचा, “हसून. हसून सांग.” त्याचाही राग आला. मग त्या पोरीची कीवच आली, आणि मग कीव आल्याचा राग आला.

कायद्याच्या या कॉलेजात प्रवेश म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो. आख्ख्या शाळेत पहिली आलेली पोरं इथं येतात आणि तोंड पाडून परत जातात. पण दर वर्षी थोड्या जागा – बोटांवर मोजण्याइतक्या – ते अशांसाठी ठेवतात जे सरळ वाटेनं आलेले नाहीत. शाळा मधेच सुटलेले, कामाला लागलेले, बाहेरून परीक्षा दिलेले. तिनं लेखी परीक्षा काढली होती, चांगली काढली होती. आज मुलाखत. जागा मिळाली तर फी माफ, आणि पाच वर्षांनी काळा कोट. नाही मिळाली तर काचेचं दुकान आहेच, काका काही हाकलून देणार नाहीत. आणि तेच तिला नको होतं. काका हाकलून देणार नाहीत, हे.

काका म्हणजे दुकानाचे मालक, नात्याचे नव्हेत. आज तिला सुट्टी होती तरी ती सकाळी दुकानात गेली, कारण घरात बसवेना. बाबा खाटेवरून बघत होते. अर्धं अंग गेल्यापासून बाबांचं बोलणं तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून येतं, सावकाश, त्यामुळे ते जे बोलतात ते विनोदच वाटतं, आणि बहुतेक वेळा असतोही.

“भांडू नकोस तिथं,” बाबा म्हणाले.

“नाही भांडत.”

“आणि भांडायचंच झालं...” मधे बराच वेळ गेला, “...तर म्हणावं, आधी फी ठेवा.”

ती हसली आणि चपला घालून सटकली. दुकानात काकांनी वर बघितलं, आज कशी आलीस वगैरे काही विचारलं नाही, नुसतं म्हणाले, “आलीस तर धर टेप.” या एका गोष्टीसाठी तिला काका आवडायचे. दुकानात सगळे तिला तडतडी म्हणतात – तेल तापलं की मोहरी उडते तशी उडते म्हणून. पण काच कापायला बसली की तडतडीचा हात हलत नाही. काच कापायची तर कटर एकदाच फिरवायचा, दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून नाही. आणि कापायच्या आधी माप परत म्हणायचं. ही काकांच्या दुकानची रीत. मापणारा माप ओरडतो – चोवीस बाय अठरा – आणि कापणाऱ्यानं नुसतं ‘हो’ म्हणायचं नाही. ‘हो’ला या दुकानात किंमत नाही. कापणाऱ्यानं समोरच्या काचेकडे बघत बघत ते माप आपल्या तोंडानं पुन्हा म्हणायचं, चोवीस... बाय... अठरा... आणि मगच कटर उचलायचा. कानानं ऐकलेलं चुकीचं माप खपून जातं. तोंडानं म्हणायला लागलं की नाही खपत. ते काचेवर बसतच नाही, जीभ अडखळते. एकदा काकांनीच बेचाळीसचं माप चोवीस म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तिची जीभ अडली होती आणि आरसा वाचला होता. तेव्हापासून तिला ती खोडच लागली. घरी आई म्हणाली दूध आण, तर ही म्हणणार, दूध आणायचं. आई वैतागते. बाबा म्हणतात, राहू दे गं, पोपट पाळायचा खर्च वाचला.

बोळाच्या टोकाला दार होतं, वर अर्ध्यात दुधी काच. ती बसल्या बसल्या बघत होती – काच उलटी बसवलीय. खरखरीत बाजू आत पाहिजे, यांनी बाहेर घेतलीय, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोटांचे तेलकट डाग पडलेत आणि डाग पडला की तेवढ्यातून आतलं दिसतं. लाखांनी फी घेतात आणि काच सरळ बसवायला माणूस मिळाला नाही. मी बसवली असती तर... तिनं तो विचार तिथंच सोडला. आज काच नाही.

आज ‘का सोडली’.

सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं की हा प्रश्न येणारच. नववीत शाळा का सोडली? वकीलबाईंनी तर तीनदा सांगितलं. वकीलबाई म्हणजे ज्यांच्या ऑफिसात तिनं काचेचं पार्टिशन बसवलं त्या. त्या पार्टिशनच्या कडा घासत ती खाली बसली होती आणि वर बाई फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या. बोलत कसल्या – कापत होत्या. आवाज एवढासुद्धा चढला नाही. पलीकडचा माणूस सुरुवातीला इतका ओरडत होता की तिला खाली ऐकू येत होतं, आणि शेवटी तो “बरं मॅडम, बघतो मॅडम” वर आला. आवाज न चढवता समोरच्याला गप्प बसवता येतं! हे तिला तोवर माहीतच नव्हतं. ती आयुष्यभर भांडत आली होती, बसवाल्यांशी, गिऱ्हाइकांशी, मामाशी, रेशनच्या रांगेशी, आणि प्रत्येक भांडणात बरोबर असून हरली होती. तिनं कडा घासायचं थांबवून विचारलं, हे कुठं शिकवतात? बाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि या जागांचं सांगितलं.

तर त्या वकीलबाई म्हणाल्या होत्या, “हे बघ, त्यांना कारण लागतं. ज्याला वजन असेल असं. खोटं सांगू नकोस. फक्त सगळंच सांगत बसू नकोस.”

वजन. खऱ्या कारणाला वजनच नव्हतं, ही तर पंचाईत. खरं कारण म्हणजे गणिताच्या बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. उलट बोलली म्हणून. ती उभी राहिली. तास संपला, बाई निघून गेल्या, दुसऱ्या तासाचे सर आले, आत गेले, शिकवायला लागले, आणि ती अजून बाहेर. आत ये असं कोणी म्हणेना. तिनंही विचारलं नाही – का विचारायचं, बाहेर काढलं त्यांनी, आत त्यांनी घ्यावं. मधल्या सुट्टीत ती दप्तर न घेताच घरी गेली. दुसऱ्या दिवशी ठरवलं, कोणी बोलवायला आलं तर जाऊ. कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता दोन दिवसांचं कारण सांगावं लागेल. मग आठवड्याचं. मग... झालं. एवढंच. ना मारलं, ना उपाशी ठेवलं. बाबा तेव्हा ठणठणीत होते, ट्रक घेऊन पंधरा पंधरा दिवस बाहेर. आई सकाळी अंधारात कारखान्यात जायची, ओव्हरटाइम करून रात्री यायची. घर दिवसभर तिचं एकटीचं. ती खिडकीत बसून समोरच्या गॅरेजातल्या माणसांना चाकं काढताना बघायची, आणि मग एक दिवस रस्त्यापलीकडच्या काचेच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

बाबांना झटका आला तो त्याच्यानंतर दोन वर्षांनी.

पण आईच्या सांगण्यात बाबा आधी येतात. कधी आले, कसे आले, तिला बरोबर आठवतं: मावशीच्या घरी, मावशीच्या सासूनं विचारलं, “पोरीचं शिक्षण का हो सुटलं?” आणि आईनं चहाचा कप खाली ठेवला, एका हातानं दुसरा दंड वरपासून खाली पुसून दाखवला – हे सगळं अंग गेलं हो यांचं – आणि म्हणाली, “बापासाठी सोडलं पोरीनं. कोण बघणार होतं? मी तर कामावर.” मावशीच्या सासूनं तिच्याकडे असं बघितलं की तिच्या हातातलं बिस्किट तिथंच थांबलं. कोणी तिच्याकडे कधी असं बघितलं नव्हतं. आणि त्यात खोटंही फार नव्हतं. बाबांचं तिनं केलंच होतं, दुकान सहा-सात महिने सोडून, कुशीवर वळवणं, भरवणं, सगळं. फक्त मागचं पुढं झालं होतं. मग आईनं ते शेजारी सांगितलं, कारखान्यात सांगितलं, मामाला सांगितलं, आणि दर वेळी हात तसाच दंडावरून खाली यायचा. बाबासुद्धा ऐकायचे खाटेवरून. बाबांना तर तारखा तोंडपाठ, ट्रकवाल्याला असतात तशा. बाबा कधी काही बोलले नाहीत.

आणि मी? मीसुद्धा नाही.

“आधी पालक, मग उमेदवार,” शिपाई दारातून म्हणाला. सकाळपासून तेच म्हणून त्याचा आवाज सपाट झाला होता. एकवीसच्या आतल्या उमेदवाराच्या पालकांशी ते आधी बोलतात, पाच-दहा मिनिटं. घरून पाठिंबा आहे का, मधेच काढून तर घेणार नाही, असलं काहीतरी. हे पत्रात लिहिलेलं होतं. तिनं वाचलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि आई पिशवी सावरत, कॉलरला हात लावत दारापर्यंत चालत गेलेली बघणं वेगळं. दारापाशी आईनं मागं वळून बघितलं. तिला वाटलं काहीतरी म्हणावं – आई, ते बाबांचं नको काढूस – आणि तोंड उघडेपर्यंत दार लागलं.

दुधी काचेत आई निळा डाग झाली. डाग खाली आला, म्हणजे बसली. खुर्चीच्या कडेवरच बसली असणार, पाठ टेकून बसणं आईला जमत नाही. तिच्यासमोर तीन गडद डाग. आवाज येत नव्हता. काही वेळ निळा डाग नुसताच मान हलवत होता. चांगलं चाललंय... हो म्हण, नाही म्हण, आणि ये बाहेर. पाठिंबा आहे, काढून घेणार नाही, संपलं... मग निळ्या डागातून एक फांदी फुटली, दुसऱ्या बाजूला गेली आणि वरपासून खालपर्यंत सरकली.

दंड.

तिला ऐकू यायची गरजच नव्हती. हात खाली आला की पुढचं वाक्य कोणतं आणि मग आई कुठं थांबते आणि कुठं नाक पुसते हे तिला पाठ होतं. आतल्या तीन डागांपैकी मधला किंचित पुढं झुकला. मग एक पांढरट काहीतरी टेबलावरून आईकडे सरकलं, पाणी असावं. समोरचा बाप अजून आपल्या पोरीला हसायला शिकवत होता. इकडे ती बाकाच्या कडेवर आली. उठून जावं का, दार उघडून तिथंच म्हणावं का – पण काय म्हणावं? आई, तू खोटी? अनोळखी लोकांसमोर, त्या निळ्या ड्रेसात? आणि खरं तर... हे ती स्वतःशीच अगदी दबकत बोलली... खरं तर काम झालं होतं. वजनाचं कारण आत पोचलं होतं, आणि तिला तोंडसुद्धा उघडावं लागलं नव्हतं. तिनं काही सांगितलंच नाही तर ती खोटं बोलली कुठं? वकीलबाईसुद्धा हेच म्हणाल्या असत्या.

आई बाहेर आली ती डोळे लाल आणि चेहरा उजळलेला.

“चांगली आहेत गं माणसं. पाणी दिलं मला. जा, घाबरू नको.”

“काय विचारलं?”

“विचारलं असंच. जा ना, बोलवतायत.”

आत तिघं होते. मधे पांढऱ्या केसांचे सर, तेच मुख्य. डाव्या हाताला चष्म्याला साखळी लावलेल्या एक मॅडम. उजवीकडे एक तरुण सर, ज्यांनी शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात घातलं होतं आणि दिवसभर कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. ती बसली. पाणी तिच्याकडेही सरकलं. आणि तिला लगेच कळलं – पाण्याचा पेला ज्या हळुवारपणानं सरकला त्यावरून कळलं – की मावशीच्या सासूची नजर आता तीन तोंडांवर आहे.

त्यांनी ‘का सोडली’ विचारलंच नाही. काचेचं विचारलं. गिऱ्हाइकानं आरसा विकत घेतला, पैसे दिले, पण नेण्याआधी दुकानातच फुटला, तर कोणाचा? तिनं सांगितलं, आमच्याकडे तर फुटला की दुकानाचा. पण गिऱ्हाईक म्हणालं असेल की राहू दे इथंच, मी उद्या नेतो, आणि तो उद्या महिनाभर आलाच नाही, तर मग काकांनी का भरावं? तरुण सर पुढं सरकले. म्हणाले, समजा काकांनी हो ठेवतो म्हटलं. ती म्हणाली, ठेवतो म्हणजे ठेवतो, विमा उतरवतो असं नाही म्हटलं. मॅडम हसल्या. पाच मिनिटं ती विसरूनच गेली. हीच ती मजा, तिला वाटलं, वकीलबाईंच्या फोनवरची. आवाज न चढवता. आपण बरोबर आहोत म्हणून समोरचा थांबतोय, ओरडतोय म्हणून नव्हे... इथं पाच वर्षं बसायला मिळालं तर मी झाडूसुद्धा मारीन या खोलीला.

मग पांढऱ्या केसांच्या सरांनी चष्मा काढला आणि कागदावरचं न बघता, आवाज खाली आणून म्हटलं, “तर आम्ही असं धरतो. आठवीपर्यंत शाळा. नववीत वडिलांच्या आजारपणामुळे सोडावी लागली. त्यांची सेवा केलीत, काचेच्या दुकानात काम केलंत, मग बाहेरून दहावी, बारावी. बरोबर?”

बरोबर म्हणायचं होतं. दोन अक्षरं... तीन... कितीही असोत. ‘हो’ म्हटलं तरी चाललं असतं. नुसती मान हलवली असती तरी. तिघंही मान हलायची वाट बघत होते, मॅडमच्या हातात पेनाचं टोपण तयार होतं. ती टेबलाकडे बघत होती – टेबलावर काच होती, काय करणार, कडा नीट घासलेल्या, आठ एमएम – आणि तोंड आपलं आपणच चालू झालं.

“आठवीपर्यंत शाळा,” ती म्हणाली. “नववीत वडिलांच्या...”

जीभ अडली.

तिनं पुन्हा सुरुवात केली, अडलेल्या मापावर करतात तशी. “आठवीपर्यंत शाळा. नववीत...”

“घ्या, पाणी घ्या,” मॅडम म्हणाल्या. त्यांना वाटलं हिला भरून आलंय.

“नाही. तसं नाही, मॅडम.” तिनं पेला बाजूला सरकवला, आणि आता तो कसा सरकवला हे ते तिघं बघत होते. “वडील आजारी पडले ते नंतर. मी शाळा सोडली त्याच्या दोन वर्षांनी. सेवा केली, ते खरंय. पण आधी शाळा, मग ते.”

तरुण सरांनी काहीतरी लिहिलं, आणि त्यांचं लिहिणं तिला फार मोठ्यानं ऐकू आलं. मॅडमनी साखळीला धरून चष्मा डोळ्यांवर घेतला.

“मग तुमच्या आई आम्हाला आत्ता जे म्हणाल्या...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मुद्दामच केलं नाही, हे तिला कळलं, हेच शिकवत असणार इथं. वाक्य अर्धं सोडायचं आणि समोरच्यालाच ते पुरं करू द्यायचं. तिच्या नाकपुड्या फुलल्या. माझ्या आईला खोटारडी म्हणायचंय तर म्हणा की तोंडानं, पाणी कसलं देता. हे ती बोलणार होती. अगदी ओठांवर होतं. आणि तिथं तिला तोच निळा डाग दिसला, आत या खुर्चीवर, कडेला बसलेला. ही खुर्ची अजून थोडी गरम होती.

“आई खोटं बोलली नाही,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. “आईला तसंच आठवतं. घरात दोन्ही एकामागोमाग झालं. कारखान्यातून येऊन तिनं जे बघितलं ते असं बघितलं. मी वर्गाच्या दाराशी उभी होते, मला आधी काय ते माहीत आहे.”

आईला तसंच आठवतं का? तिला माहीत नव्हतं. कधी विचारलं नव्हतं. एक खरं सांगून झालं आणि त्याच्या पाठोपाठ लगेच हे – हे काय होतं? खरं होतं का? तिनं तिघांच्या तोंडांकडे बघितलं. त्यांनी ते मानलं की नाही, कळेना.

“मग शाळा का सोडली?” पांढऱ्या केसांच्या सरांनी विचारलं. आता आवाज नेहमीचा होता, हळुवार नाही. तिला तो बरा वाटला.

“बाईंनी बाहेर उभं केलं होतं. मग आत ये असं कोणी म्हणालं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि तुम्ही विचारलं नाहीत, आत येऊ का?”

“नाही.”

“का?”

“चौदा वर्षांची होते, सर. मला वाटलं, ज्यानं काढलं त्यानं बोलवावं.”

“आणि घरच्यांनी? घरी कोणी विचारलं नाही?”

“घरी कोणी नसायचं,” ती म्हणाली. “कळायलाच महिना गेला.”

सरांनी मान हलवली, ती कसली ते कळलं नाही. मॅडमनी टोपण पेनाला लावलं. तरुण सर म्हणाले, निकाल टपालानं येईल, आणि तिनं म्हटलं, “टपालानं येईल,” आणि उठली, आणि दारापाशी पोचल्यावर मागं वळून म्हणाली, “सर, बटण वर-खाली झालंय.” त्यांनी छातीकडे हात नेला. त्यानं जागा मिळत नाही. पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

बाहेर आई उभीच होती. बाकावरून कधीची उठली होती कोण जाणे. नुसतं तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग दोघी जिना उतरल्या, फाटकाबाहेर आल्या, बसच्या थांब्याकडे चालू लागल्या. उन्हात रस्ता पांढरा झाला होता. आई भराभर चालत होती, कारखाना सुटल्यावर चालते तशी, आणि बोलतही भराभर होती.

“ते पांढऱ्या केसांचे आहेत ना, ते मला म्हणाले, तुमची मुलगी हिमतीची आहे. मी म्हटलं, हो, आहेच. मला वाटलं होतं माझ्या तोंडून शब्दच फुटणार नाही. पण बोलले गं मी. नीट बोलले. तुला सांगते, आयुष्यात मी पहिल्यांदा कोणा मोठ्या माणसांसमोर एवढं बोलले. शाळेत तुझ्या बाईंनी बोलवलं होतं तेव्हासुद्धा...”

आई थांबली. चालायची नाही, बोलायची.

“कधी बोलवलं होतं बाईंनी?”

“बोलवलं होतं. चिठ्ठी आली होती कारखान्यात, कोणाबरोबर तरी. महिनाभर मुलगी आली नाही म्हणून. सुपरवायझरच्या देखत वाचली मी.” आईनं कॉलरला हात लावला. “गेले नाही मी. काय सांगणार होते? की मला माहीत नाही? मी आई, आणि मला माहीतच नाही की पोरगी महिनाभर घरी बसलीय? रोज डबा भरून ठेवायचे मी तुझा. रोज रिकामा मिळायचा.”

डबा ती घरीच खायची. खिडकीत बसून. हे तिला आठवलं, आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी यायला लागलं, सावकाश, बाबांच्या बोलण्यासारखं, एकाच कोपऱ्यातून. इतकी वर्षं तिला वाटायचं की आईनं ती मागची-पुढची गोष्ट रचली ती हिच्यासाठी, हिची लाज झाकायला, आणि त्याचाच तर राग यायचा, की मला कशाला झाकता, मला लाज वाटतच नाही. पण त्या गोष्टीत बाबा आधी पडले की कोण वाचत होतं? बाप आजारी, पोरगी घरी, आईला सगळं माहीत. पहिल्या दिवसापासून माहीत. त्या गोष्टीत असा महिना नव्हताच, जेव्हा आई रोज रात्री रिकामा डबा घासत होती आणि तिला काही कळत नव्हतं.

आणि तो महिना हिनं आत्ता त्या तिघांच्या टेबलावर ठेवला होता. काही कमी नाही, काही जास्त नाही. घरी कोणी नसायचं. कळायलाच महिना गेला. तिला वाटलं होतं ती स्वतःबद्दल खरं सांगतेय.

बस येताना दिसली, लांब, उन्हात हलणारी. थांब्यावरची माणसं पुढं सरकली. आईनं पिशवी काखेत घेतली, हात पुढं करून बसला थांबायची खूण केली, आणि तो हात तसाच वर ठेवून, तिच्याकडे न बघता विचारलं,

“तुला विचारलं का त्यांनी शाळेचं?”

“विचारलं.”

“काय सांगितलंस?”

एरवी उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असायचं. आत्ताही खरं तोंडातच होतं, आख्खं, पण ते फेकायची घाई कुठं गेली होती कोण जाणे. तिनं ते आत तसंच धरलं, त्याच्या कडा जिभेनं चाचपत. राग आहे का ते बघितलं. नव्हता. भीती होती का... तीही नाही. जागा मिळेल की नाही हेही त्या क्षणी कुठं तरी लांब, त्या बोळात राहिलं होतं. समोर फक्त आईचा वर धरलेला हात होता आणि त्याच्याखाली कानशिलावर घामानं चिकटलेले दोन पांढरे केस, जे तिनं आजवर बघितले नव्हते.

बस थांबली. दार उघडलं. आई अजून चढली नव्हती, उत्तराची वाट बघत होती, आणि मागची माणसं ढकलायला लागली होती.

“चढ तू आधी,” ती म्हणाली. “बसायला मिळालं की सांगते. सगळं सांगते. पण आधी तू मला सांग, त्या चिठ्ठीत काय काय लिहिलं होतं.”